सभापतींच्या फोटोखालचं कृष्णविवर

माझे सासरे सकाळचा चहा घेऊन घराबाहेर पडतात ते थेट सभापतींच्या अंगणात जाऊन बसतात. सभापती म्हणजे पंचायत समितीचे माजी सभापती. पद जाऊन बरीच वर्षं झाली, पण आमच्या भागात त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारलेली मी ऐकलेली नाही. त्यांच्या घरातसुद्धा "सभापती, जेवायला चला" असंच म्हणतात. आमचं शेत, ऊस, म्हशी हे सगळं माझा नवरा बघतो. मामा, म्हणजे सासरे, सभापतींकडे बघतात.

मी गेवराईला एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. विज्ञान दिन जवळ आला तसं प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, यंदा तारे, कृष्णविवरं, दीर्घिका यांच्यावर तुम्ही बोला. मला हुरूप आला. गुरुत्वाकर्षणाचा धडा मी दरवर्षी शिकवते, पण परीक्षेत न येणारं काही सांगायला लागले की पोरं घड्याळ बघतात. इथं मोकळेपणानं बोलायला मिळणार होतं.

"पाहुणे कोण?" प्राचार्यांनी विचारलं.

"पाहुणे कशाला? मीच बोलणार आहे ना."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नवरदेवाशिवाय वरात काढायला निघाले होते. "मॅडम, पाहुण्याशिवाय मंडप लागत नाही, मंडपाशिवाय माईक लागत नाही, आणि माईकशिवाय तुमचे तारे कुणाला ऐकू जाणार?"

पाहुणे घरातूनच मिळाले. मामांनी सभापतींना विचारलं आणि सभापती लगेच हो म्हणाले. विषय काय, कार्यक्रम कसला, हे त्यांनी विचारलंच नाही. हार आणि माईक असला की त्यांना विषय लागत नाही.

राहिलं फ्लेक्सचं. मी प्रिंटिंगवाल्याला मोबाईलवर मजकूर पाठवला. कार्यक्रमाची वेळ, ठिकाण, आणि लक्ष वेधून घ्यायला वर दोन ओळी: "जवळ येईल ते सगळं गिळणारं! आत गेलेलं कधीच बाहेर न सोडणारं!" त्याखाली, "काय आहे हे कृष्णविवर? या, समजून घ्या." सोबत कृष्णविवराचं चित्र पाठवलं, आणि सभापतींचा एक फोटो, कोपऱ्यात लावायला.

दुसऱ्या दिवशी कॉलेजला जाताना हायवेच्या चौकात ट्रॅफिक तुंबलेलं दिसलं. उसाच्या दोन ट्रॉल्या, एक एसटी आणि बऱ्याच मोटारसायकली. मला वाटलं अपघात झाला. एसटीतले लोक खिडकीतून हात बाहेर काढून मोबाईलवर फोटो काढत होते. मी वर बघितलं.

फ्लेक्स भलामोठा होता. त्यावर सभापती कमरेपासून वर, हात जोडलेले, गॉगल लावलेला. त्यांच्या छातीवर पिवळ्याधमक अक्षरांत लिहिलं होतं: "जवळ येईल ते सगळं गिळणारे! आत गेलेलं कधीच बाहेर न सोडणारे!"

कृष्णविवर अगदी खाली, फोन नंबर छापतात तेवढ्या अक्षरांत होतं. चित्र कुठंच नव्हतं. आणि फ्लेक्सच्या वरच्या दोन्ही टोकांना झेंडूचा ताजा हार लोंबत होता.

मी स्कूटी तशीच प्रिंटिंगवाल्याकडे वळवली. तो शांतपणे चहा पीत होता.

"अहो, चित्र कुठं गेलं?"

"कुटलं चित्र? निसता काळा गोल आलता मॅडम. मला वाटलं फाईल खराब हाय. मग सभापतींचा फोटू मोठा केला."

"आणि 'गिळणारं'चं 'गिळणारे' कुणी केलं?"

इथं त्याचा चेहरा जरा फुलला. "ते मीच केलं. एवढा मोठा मानूस, त्येला 'गिळणारं' कसं म्हनायचं? आदरानं केलं."

मराठी व्याकरणावर माझी एवढी चिडचिड त्याआधी कधी झाली नव्हती.

दुपारपर्यंत तो फ्लेक्स तालुक्यातल्या सगळ्या मोबाईलवर पोचला. विरोधी गटानं काहीच लिहिलं नाही, नुसता फोटो टाकला आणि खाली "अखेर कबूल केलं" एवढंच. वाळूचं, रस्त्याचं, कशाकशाचं कोण काय गिळतं यावर आमच्याकडे लोक पारावर रोज बोलतात. आता त्यांना पोस्टर मिळालं. सभापतींच्या गटातल्या काही कार्यकर्त्यांनीही तोच फोटो पुढे पाठवला, वर "वाघ!" असं लिहून. त्यांना ती स्तुती वाटली होती.

संध्याकाळी मामा घरी आले ते टोपी हातात घेऊन. टोपी डोक्यावर नसली की प्रकरण गंभीर असतं. सासूबाईंनी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही.

"सूनबाई, कावून केलं असं?"

मी सगळं सांगितलं. काळा गोल, आदरार्थी बहुवचन, सगळं. ते ऐकत होते, पण त्यांचं दुःख वेगळंच होतं.

"सकाळी मीच गेलतो तितं," ते हळू आवाजात म्हणाले. "हार मीच घातला. नारळ बी फोडला. चष्मा घरी राहिलता."

सासूबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या. आतून त्यांचा हसण्याचा आवाज येत राहिला आणि मामा भिंतीकडे बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा मला सभापतींकडे घेऊन गेले. मोठं अंगण, मध्ये कडुनिंब, त्याखाली सभापतींची प्लास्टिकची खुर्ची. भोवती माणसं. मी डोक्यावरचा पदर सावरून उभी राहिले. सभापतींनी मला बसायला खुर्ची मागवली, त्यामुळे तिथल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याला उठावं लागलं, आणि तो मी निघेपर्यंत माझ्याकडे रागानं बघत होता असं मामांनी नंतर सांगितलं.

"बाई," सभापती म्हणाले, "मला एवढंच सांगा, हे कृष्णविवर हाय तरी काय? ह्यो म्हनतो, श्रीकृष्णाचं कायतरी तीर्थ हाय."

"ह्यो" म्हणजे त्यांच्या मागे उभा असलेला एक मिशीवाला. त्यानं मान डोलावली.

मी मनात भाषणाची तयारी केलेली होती, पण ती पोरांसाठी होती. म्हटलं, पहिल्यापासून सांगते. "आकाशात वायूचे, धुळीचे ढग असतात. लई विरळ. त्यात कुठंतरी जरा दाटी होते. जिथं दाटी, तिथं वजन जास्त. वजन जास्त, म्हणून ते आजूबाजूचं ओढतं. ओढलं की वजन आणखी वाढतं, आणि ओढ पण वाढते."

"गर्दी बघून गर्दी जमती," सभापती म्हणाले. "आमाला म्हाईत हाय. फुडं?"

"मध्यभागी दाब वाढतो, तापतं, आणि एक वेळ अशी येते की ते पेटतं. तो तारा. वजन आत दाबत असतं, आतली आग बाहेर ढकलत असते. दोन्ही बरोबरीत असतं तोवर तारा टिकतो."

"आन् आग संपली की?"

"लहान तारा असला तर हळूहळू विझतो. फार मोठा असला तर आतलं कोसळतं, बाहेरचं बरंच उडून जातं. जे आत उरतं ते एवढं घट्ट होतं की त्यातून उजेडसुद्धा बाहेर पडत नाही. ते कृष्णविवर."

मागच्या रांगेतून कुणीतरी पुटपुटलं, "पद गेल्यावर असंच व्हतंय." मिशीवाला गर्रकन वळला, "गप बे!"

सभापतींनी हातानंच त्याला थांबवलं. "बाहेरचं उडून जातं म्हनल्या तुमी?"

"हो."

"उडालेच की. माजलगावकडचे कार्यकर्ते समदे उडाले." ते जरा थांबले. "मग राह्यलेलं? त्येचं वजन?"

"जे उरलं त्याचं वजन तेवढंच. कृष्णविवर झालं म्हणून ओढ वाढत नाही. समजा आपल्या सूर्याच्या जागी कुणी तेवढ्याच वजनाचं कृष्णविवर ठेवलं, तर इथं अंधार पडेल, थंडी पडेल, पण पृथ्वी आज ज्या वाटेनं फिरते त्याच वाटेनं फिरत राहील. गिळून वगैरे टाकणार नाही."

सभापती खुर्चीत सरसावून बसले. "ऐकलं का रे? पद गेलं तरी वजन तेवढंच! फिरनारे फिरतेतच!" भोवतीची सगळी माणसं, म्हणजे फिरणारे, माना हलवायला लागली. मामांची टोपी डोक्यावर गेली.

मला तिथंच थांबायला हवं होतं, पण मास्तरकी अंगात असली की अर्धा धडा सोडवत नाही. "आणि जवळ गेलेलंसुद्धा सरळ आत पडत नाही. भोवती गरगर फिरतं, तबकडीसारखं. एकमेकांवर घासतं, तापतं, लखलखतं. मोठ्या दीर्घिकांच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांच्या, मध्यभागी अशी अवाढव्य कृष्णविवरं असतात. त्यांच्याभोवतीची तबकडी कधी कधी त्या दीर्घिकेतल्या सगळ्या ताऱ्यांपेक्षा जास्त चमकते. आणि येणारं सगळं आत जात नाही, बरंचसं जोरात बाहेर फेकलं जातं. फार हावरटपणा केला, तर त्या उजेडाचाच दाब येणाऱ्या वायूला लांब ढकलतो."

"म्हंजी लई खायला गेलं तर ताटच लांब जातंय."

"तसंच."

सभापतींनी मिशीवाल्याकडे बघितलं. का ते मला कळलं नाही, पण मिशीवाल्याला कळलं असावं, कारण तो हळूच दोन पावलं मागं सरकला.

फ्लेक्स काढायचा की नाही, असं मामांनी भीत भीत विचारलं. "काढू नका," सभापती म्हणाले. "काढला तर लोक म्हनतेन, खरं हुतं म्हनून काढला. ऱ्हाऊ द्या."

कार्यक्रमाला मंडप खच्चून भरला. एरवी विज्ञान दिनाला समोरच्या दोन रांगा भरायला शिपायाला वर्गावर्गात फिरावं लागतं. त्या दिवशी विरोधी गटाचे लोकसुद्धा मागं उभे होते. सभापतींचा सत्कार झाला, नारळ झाला, आणि प्राचार्यांनी त्यांना दोन शब्द बोलायची विनंती केली.

दोन शब्द सुरू झाले ते संपेचनात. ढग, दाटी, वजन, तारा, तबकडी, सगळं त्यांनी सांगितलं. माझी वाक्यं होती, पण त्यांच्या तोंडून ती काही वेगळीच ऐकू येत होती. चुकाही केल्या. सूर्य विझल्यावर कृष्णविवर होईल असं ठणकावून सांगितलं. ते खोटं आहे, सूर्य त्यासाठी फार लहान पडतो, पण मी मध्ये उठून कशी सांगणार? मग ते माईक तोंडाजवळ घेऊन म्हणाले, "पोरांनो, वढ समद्यांला असती. मी तुमाला वढतो, तुमी मला वढता. जमीन तुमाला वढती तेवडंच तुमी जमिनीला वढता. फकस्त ती जड हाय, म्हनून तिला कळत न्हाई."

मी सुन्न झाले. हे मी त्यांना सांगितलंच नव्हतं. दरवर्षी फळ्यावर हेच समजावताना माझा घसा बसतो, आणि पोरं म्हणतात, मॅडम, मग पृथ्वी उडी मारून आपल्याकडे का येत नाही? इथं सगळा मंडप टाळ्या वाजवत होता. मी शेजारच्या खुर्चीतल्या मामांना विचारलं, "हे त्यांना कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. इलेक्शनला उबं ऱ्हायलं की कळतंय आपुआप."

माझ्या भाषणाची वेळ आली तेव्हा दुपार उलटून गेली होती आणि बसवाली पोरं उठायला लागली होती. प्राचार्य म्हणाले, मॅडम, थोडक्यात घ्या. मी माईकसमोर जाऊन फक्त सूर्याची दुरुस्ती केली. लगेच मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजी सभापती खोटं बोलले!" आणि मंडपभर हशा. सभापती स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसले.

त्यानंतर मी कार्यालयात चहा पीत असताना एक अकरावीची मुलगी दारात येऊन उभी राहिली. तिचे वडील मेंढ्या घेऊन गावोगाव फिरतात, ती बहिणीकडे राहून शिकते. ती म्हणाली, "मॅडम, ते तबकडीचं मला अजून सांगता का? का फिरतंय ते? सरळच का पडत न्हाई?" मी कप खाली ठेवला. रिकाम्या वर्गात खडू घेऊन आम्ही दोघी बसलो, तिची बस चुकेपर्यंत. मग मी तिला स्कूटीवर बहिणीच्या घरी सोडलं. वाटेतसुद्धा ती मागून विचारतच होती.

आता सभापतींना विरोधी गट उघडपणे 'कृष्णविवर' म्हणतो. त्यांना राग येत नाही. उलट परवा एका लग्नात त्यांनी स्वतःच तशी ओळख करून दिली म्हणे.

मामा मात्र या सगळ्यातून अवकाशाच्या नादाला लागले. परवा पोहे खाता खाता म्हणाले, "सूनबाई, सभापतींनी इचारलंय, दोन दीर्घिका कदी एक व्हतेत का?"

मला मतलब कळला. सभापती आणि विरोधी गट बाजार समितीच्या निवडणुकीला एकत्र येणार अशी कुणकुण होती. म्हटलं, "होतात. जवळून जाताना एकमेकींना ओढतात, ताऱ्यांच्या लांब शेपट्या निघतात. बराच काळ घिरट्या चालतात. तारे सहसा एकमेकांवर आदळत नाहीत, लांब लांब असतात. वायू आदळतो, आणि त्यातून नवे तारे पेटतात."

"आन् मदली दोन कृष्णविवरं?"

"ती एकमेकांभोवती फिरत फिरत शेवटी एक होतात."

मामांनी चमचा खाली ठेवला. "म्हंजी दोन खुर्च्या ऱ्हात न्हाईत?"

"नाही."

ते उठले. मग टोपी घातली, चपला शोधल्या आणि दारातून म्हणाले, "एवडं शेवटचं मी त्येनला सांगत न्हाई. नवे तारे पेटतेत, हितवरच ठेवतो."