शीड आधी कोणी आखडायचं?

माझी काकू पडदे शिवते, पण सोमवारी तिच्या मशीनवर फक्त शिडं असतात. रविवारी खाडीत होड्या घेऊन जाणारी मंडळी ती फाडून आणतात, आणि त्यात पहिला नंबर घरचाच.

वारा वाढला की शीड थोडं खाली घ्यायचं, खालचा भाग गुंडाळायचा आणि शिडावर शिवलेल्या नाड्यांनी बांधून टाकायचा. शीड आखडणं म्हणजे एवढंच काम. पण काका शीड आखडणार ते शेजारच्या होडीतल्या पोस्टमननं आखडल्यावर, आणि पोस्टमन बघत बसणार काकांकडे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. इथे दोघांनाही ठेच लागायची आणि शहाणा कोणीच व्हायचा नाही. ओलेचिंब होऊन यायचे आणि वाऱ्याला शिव्या द्यायचे.

यंदा काकांचा खांदा धरला. सुकाणू धरवेना, म्हणून त्यांनी होडी विकायला काढली. दातांच्या डॉक्टरांना ती पसंतही पडली. "बरं झालं, कटकट गेली," असं काका सगळ्यांना सांगायचे आणि जेवताना ताटाकडे बघत बसायचे. मला ते बघवत नव्हतं. काकूलाही नसावं.

"या रविवारी सुकाणू मी धरते," ती म्हणाली. "जमलं तर होडी राहील. नाही जमलं तर खुशाल विका, मी हूं की चूं करणार नाही."

नाड्या बांधायला मला घेतलं. ऊन छान होतं, होडी मजेत पळत होती. अर्ध्या वाटेवर काकूनं वर पाहिलं.

"अहो, शीड घ्या थोडं खाली."

"आत्ता? अगं, वारा कुठाय?"

"आखडावं का, असं मनात आलं ना, की आखडायचं. दुसऱ्यांदा मनात येईल तेव्हा तुम्ही पाणी उपसत असाल."

"पोस्टमन बघतोय."

"बघू दे. डोळे दिलेत त्याला."

सुकाणू ज्याच्या हातात त्याचा हुकूम, हा नियम काकांचाच. कुरकुरत त्यांनी चांगल्या हातानं दोर सैल केला, मी नाड्या बांधल्या. काकांनी लाजेनं टोपी डोळ्यांवर ओढली.

तिकडे पोस्टमनचं धाबं दणाणलं. काकांनी आपल्याआधी शीड आखडलं म्हणजे तुफानच येतंय, असं समजून त्यानं घाईघाईनं आपलंही आखडलं. त्याचं बघून न्हाव्यानं, न्हाव्याचं बघून बाकीच्यांनी. भर उन्हात सगळी खाडी अर्धवट शिडांनी भरली. आम्ही तिघं पोट धरून हसलो, काका सगळ्यात जास्त.

परत फिरलो तेव्हा वारा आलाच, चांगला दणकट. होडी जराशी कलली आणि काकूच्या हाताखाली निमूट घराकडे निघाली. धक्क्यावर पोस्टमनच्या बायकोनं नवऱ्याचा कोरडा सदरा चाचपून विचारलं, "आज गेलाच नव्हतात का?"

दुसऱ्या दिवशी काकूकडे एकही शीड आलं नाही. "स्वतःचाच धंदा बुडवलास," मी म्हटलं, तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. काकांनी ऐकून घेतलं.

"मला काय विचारता? होडी जिची आहे तिला देतो," म्हणत त्यांनी फोन काकूच्या कानाला लावला.

काकूचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. "विकायची नाही हो, डॉक्टर. आणि रविवारी जरा लवकर निघायचंय आम्हाला, यांना नाड्या बांधायला शिकवायचंय."