कृष्णनाथाने उघडलेला पाण्याचा गट

तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आमचा औषधाच्या गोळ्यांचा कारखाना आहे. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, म्हणून साहेबांनी कॅन्टीनमध्ये दोन संगणक ठेवलेत आणि त्यांच्यामागे जुन्या पद्धतीचा न्यूज सर्व्हर. विषयवार चर्चागट असतात; एकाने लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं, उत्तर द्यायचं. डिचोलीला आमचा दुसरा कारखाना आहे, तिथेही तसाच सर्व्हर. कल्पना चांगली आहे. चांगल्या कल्पनेचं आमच्याकडे काय होतं ते मी स्टोअरमध्ये बसून वर्षानुवर्षं बघते आहे, आणि आता मला त्याची किळस येते.

हा सर्व्हर सांभाळतो तो कृष्णनाथ. तुयेचाच. अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून कमी. त्याचे वडील देवळात गाऱ्हाणं घालायचे, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडं; आता तो घालतो. तेवढ्यापुरता त्याचा आवाज असा लागतो की हाच का तो, असं वाटावं.

नवा गट घालायची त्याची रीत ठरलेली. कोणाला गट हवा असेल तर त्याने 'सूचना' गटात मागायचा. चारजणांनी हवा म्हटलं की कृष्णनाथ नाव बांधतो, मोठ्याकडून लहानाकडे, मध्ये टिंबं देत: तुये.कॅन्टीन.जेवण. मग गट कशासाठी ते एका ओळीत लिहितो आणि शेवटी एक अक्षर टाकतो. सगळी मेख त्या अक्षरात. एका अक्षराने गट उघडा राहतो, लिहिलं की दिसलं. दुसऱ्या अक्षराने गटावर निरीक्षक बसतो. मग लिहिलेलं आधी निरीक्षकाच्या मेलमध्ये जातं आणि त्याने सोडलं तरच लोकांना दिसतं. शेवटी डिचोलीचा सर्व्हर सांभाळणारी श्रद्धा तिकडे तोच गट घालते, नाहीतर तिकडे काही पोचत नाही.

'अभिनंदन' गट मागितला त्याच दिवशी झाला. चतुर्थीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधतात, तिच्या फोटोंचा झाला, साहेबांच्या वाढदिवसाचा झाला. सगळे उघडे. आमचे कामगार-व्यवस्थापक राजेशसर यांना उद्घाटनाची भारी हौस. प्रत्येक नव्या गटासाठी संगणकासमोर नारळ ठेवायचा, कृष्णनाथाने गाऱ्हाणं घालायचं, आणि त्याच्या प्रत्येक वाक्यामागून जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सर्वांत मोठा आवाज राजेशसरांचा. नंतर फोटो, नंतर सामोसे.

मग गंगाने पाण्याचा गट मागितला. गंगा पॅकिंगमध्ये आहे, बेळगाव जिल्ह्यातली. तिच्यासारखी बरीच कुटुंबं कारखान्यामागच्या कंपनीच्या खोल्यांत राहतात. एक दिवस स्टोअरच्या दारात उभी राहून म्हणाली, "ताई, टाकीचं पाणी वास मारालंय. आमचे मालक चार दिस झाले उलट्या करालेत." मालक म्हणजे तिचा नवरा हरी. त्याला आरोग्य केंद्रात सलाइन लावलं होतं. मी तिला 'सूचना' गटात लिहायला बसवलं. चार सोडा, अख्ख्या पॅकिंगने हवा म्हटलं.

गट झाला. पण राजेशसरांनी कृष्णनाथाला बोलावून सांगितलं, ह्यावर निरीक्षक बसव, आणि निरीक्षक मी. गंगाने लिहिलं, तिच्या शेजारच्या खोलीतल्या शेवंतीने लिहिलं, मी स्वतः लिहिलं. गटात एक ओळ उमटली नाही. मी कृष्णनाथाला गाठून तोंडाला येईल ते बोलले. तो मान खाली घालून म्हणाला, "गो, गट घालूक मिनीट लागणा नाय. कुलूप काडूचां तर राजेशसायबाचो हुकूम लागता." तेव्हा मला त्याचाही वीट आला. अशीच माणसं असतात, म्हणून राजेशसरांसारख्यांचं फावतं.

खरी मळमळ पुढेच होती. मुख्य कचेरीतून मोठ्या बाई येणार होत्या. राजेशसरांनी त्याआधीच्या तयारीच्या मीटिंगमध्ये पडद्यावर तो रिकामा गट दाखवला आणि म्हणाले, "पाण्यासाठी आम्ही खास गट दिला आहे. बघा, एकही तक्रार नाही." हरी त्या दिवशीही सलाइनवर होता.

बाई आल्या त्या दिवशी पाण्याच्या गटाचं राहून गेलेलं उद्घाटन थाटात ठेवलं. कॅन्टीन भरलं होतं. नारळ मांडला, कृष्णनाथ हात जोडून उभा राहिला आणि त्याचा तो देवळातला आवाज लागला.

"बा देवा म्हाराजा, आज ह्यो पाण्याचो गट आमी तुज्या पायाकडे ठेवतंव, तेका यश दी."

"व्हय म्हाराजा."

"खोल्यांच्या टाकयेच्या पाण्याक घाण येता, तां पिऊन हरीसारखी माणसां आडवी पडली, तेंका बरां कर."

"व्हय म्हाराजा."

"ह्या गटाक आमच्या राजेशसायबान कुलूप घातलां, गरिबान लिवलेलां तेंच्याकडेच अडाकता. तां कुलूप आज सुटांदी."

"व्हय म्हाराजा."

राजेशसरांचा आवाज मी नीट ऐकला. सवयीने सर्वांत मोठा. तोंड मिटल्यावर त्यांना कळलं आपण कशाला होकार दिला ते, आणि चेहरा पांढराफटक पडला. गाऱ्हाणं मध्ये अडवायची आमच्याकडे कोणाची छाती नाही.

"आनी टाकी उघडून बघूची बुद्धी मोठ्या बाईंक दी, देवा म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," बाईही म्हणाल्या. कृष्णनाथाने नारळ फोडला, संगणकासमोर बसला आणि ते एक अक्षर बदललं. माझ्या मनात त्याच्याबद्दल जे साचलं होतं ते सगळं एका क्षणात उतरलं.

बाईंनी तिथल्या तिथे टाकी उघडायला लावली. आत मेलेली घूस निघाली, फुगून फुटलेली, केस सुटून पाण्यावर तरंगत होते. बाई तोंडाला पदर लावून बाजूला झाल्या. गंगा मात्र हलली नाही. ते पाणी तिने रोज भांड्यात भरलं होतं.

टाकी धुतली, झाकण नवं बसलं, हरी घरी आला. आणि 'अभिनंदन' गटात धुतलेल्या टाकीशेजारी हसणाऱ्या राजेशसरांचा फोटो आला. खाली अभिनंदनाची रांग. लिहिणाऱ्यांत खोल्यांत राहणारेही होते. ती घूस बरी होती, असं मला वाटलं.

पाण्याच्या गटात गंगाने लिहिलं, "आम्ही सांगितलं होतं." डिचोलीहून लगेच उत्तर आलं, आमच्याही खोल्यांच्या टाक्या कोणी बघितलेल्या नाहीत. त्याखाली दुसरं आलं, तिसरं आलं.

राजेशसर तावातावाने कृष्णनाथाच्या टेबलापाशी आले. मी तेव्हा तिथेच सही घ्यायला उभी होते. म्हणाले, "पाण्याचं काम झालं. आता तो गट काढून टाक."

कृष्णनाथ उठून उभा राहिला. "काडतंय सायबा. पण देवाक सांगून उघडललो गट, काडूचो जाल्यार देवाक सांगूक व्हया. तुमी नारळ हाडा, सगळ्यांक जमवया. कशाक काडतंव तां मी मोठ्यान सांगतंय."

राजेशसरांनी अजून नारळ आणलेला नाही.