अक्काच्या घरात आरसा नव्हता

माझ्या भाषणात एक आरसा आहे. गेली काही वर्षं तो मी सोलापुरातल्या शाळांत, कॉलेजांत, कारखान्यांच्या कार्यक्रमांत सांगत फिरलो. भाड्याच्या खोलीच्या भिंतीवर फुटका आरसा, त्याच्यासमोर रोज उभा राहणारा एक तोतरा पोरगा, आणि एके दिवशी तोच पोरगा न अडखळता बोलायला लागतो. "मला कुणी शिकवलं नाही. मीच माझा गुरू झालो," असं मी म्हणायचो, आणि टाळ्या पडायच्या.

खोली होती. तोतरा पोरगा होता. आरसा नव्हता.

हे लिहिताना मला धाकधूक वाटते. ज्यांनी टाळ्या दिल्या, ज्यांनी नंतर येऊन हात हातात घेतला, त्यांना काय वाटेल? एका आईने तर मुलाला माझ्यासमोर उभं करून, घरी मोठा आरसा लावलाय म्हणून सांगितलं होतं. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. तो माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत होता.

मी मूळचा गोंदियाकडचा. आमच्या गावाला जंगल लागून. उन्हाळ्यात माय पहाटे तेंदूची पानं तोडायला जायची आणि दुपारी ओसरीत बसून पुडे बांधायची. शाळेत मी वाईट नव्हतो. पण मराठीच्या तासाला धडा मोठ्याने वाचायची पाळी यायची. माझा नंबर कितवा आणि माझ्या वाट्याला कोणता परिच्छेद येणार, हे मी आधीच मोजून ठेवायचो. त्यात 'म' किंवा 'प' ने सुरू होणारा शब्द दिसला की त्याच्यावर बोट ठेवून बसायचो. ओठ मिटले की उघडतच नसत. मग सगळा वर्ग तो शब्द माझ्यासाठी पूर्ण करायचा, एका सुरात, गुरुजींसकट. त्यांना वाटायचं ते मदत करतायत. आठवीत एकदा पाळी यायच्या आधीच मी दप्तर उचललं आणि घरी आलो. परत गेलो नाही. माय काही दिवस रागावली, नंतर तिनेही सोडून दिलं.

तोतऱ्या माणसाजवळ पर्यायी शब्दांचा साठा असतो, हे फार जणांना माहीत नसतं. 'पाणी' येत नसेल तर 'तहान लागली' म्हणायचं. दुकानात जे हवं त्याचं नाव येत नसेल तर दुसरंच काही घेऊन यायचं. मी असं कित्येकदा नको असलेलं सामान घरी आणलं आहे.

गावात भाताच्या गिरणीत काही वर्षं काढून मग मी सोलापूरला आलो, टॉवेलच्या कारखान्यात. तिथे मला बरं वाटलं. यंत्रमागांच्या आवाजात कुणाचंच बोलणं ऐकू येत नाही, सगळे हातवारे करतात. पण कारखाना सुटला की रस्ता पुन्हा बोलका. माझी बोली वेगळी, त्यात तोतरा. सोबतच्या एका वयस्कर विणकराने मला त्याच्या घराच्या माळ्यावरची खोली भाड्याने दिली, भवानी पेठेच्या एका बोळात. त्याची बायको ती अक्का.

घरात त्यांची तेलुगू चालायची. माझ्याशी ती सोलापुरी मराठी बोलायची आणि मला तम्मुडू म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. ती बिड्या वळायची. दुपारनंतर शेजारच्या दोघी-तिघी आपापली सुपं घेऊन तिच्या दारात यायच्या. पहिल्या दिवशी मी आत शिरायला गेलो तर भिजवलेल्या पानांचा वास आला आणि मी उंबऱ्यातच थांबलो. तो आमच्या ओसरीचा वास होता. पानं आमच्याकडचीच, तेंदूची. मायच्या हातचं एखादं पान त्या सुपात आलं असेल का, हा विचार मी पुढे खूप वेळा केला. असेलच असं नाही. जंगल मोठं आहे.

अक्काला वाचता येत नव्हतं. मी कारखान्याच्या ऑफिसातला आदल्या दिवशीचा पेपर आणायचो. एकदा तिने सहज सांगितलं, "वाच की मोठ्यांदा. आमचं हात गुतल्यात, कान मोकळं हाईत." मी नाही म्हणणार होतो. पण 'नाही' म्हणायलाही तोंड उघडावं लागतं, आणि ते तेव्हा उघडलं नाही. म्हणून वाचायला बसलो.

पहिल्याच ओळीत अडलो. ओठ मिटलेले, मान ताणलेली, कान तापलेले. मी वर बघितलं, आणि कुणीच माझ्याकडे बघत नव्हतं. बिडी वळताना नजर हातावरून काढता येत नाही. पत्र्याचा साचा ठेवून पान कापायचं, तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा बांधायचा, तोंड दाबायचं. चारही बायका खाली मान घालून तेच करत होत्या. मी किती वेळ अडलो ते कुणी मोजलं नाही. शब्द आला तेव्हा आला, आणि मी पुढे गेलो.

मग ते रोजचंच झालं. अक्काला पाऊस, अपघात आणि निधनवार्ता लागायच्या. "आज कोण कोण गेलं?" असं ती आधी विचारायची आणि मेलेल्याचं वय ऐकून कधी हळहळायची, कधी म्हणायची, लई जगला की. एकदा मी एका शब्दावर बराच वेळ अडकलो, तेव्हा शेजारणीने न राहवून तो पूर्ण केला. अक्काचे हात थांबले. इतक्या दिवसांत ते थांबलेले मी पहिल्यांदाच बघितले.

"त्याचं त्याला म्हणू दे," ती म्हणाली. "तुजी बिडी मी वळते का?"

त्यानंतर त्या घरात माझा शब्द कुणी पूर्ण केला नाही. तीनेक वर्षं मी तिथे वाचलं. तोतरेपणा गेला नाही, आजही आहे. पण अडलो तरी पुढे जाता येतं, हे माझ्या अंगात तिथे मुरलं.

पुढे कारखान्यात सुरक्षिततेवर एक कार्यक्रम झाला आणि आभार मानायचं काम माझ्यावर आलं. मी अडखळत का होईना चार वाक्यं बोललो. पाहुणे म्हणून आलेले सर व्याख्यानं द्यायचे. जो वेगळा आहे त्यालाही सामावून घ्या, आणि जगायला काहीतरी हेतू धरा, असा त्यांचा विषय. ते थांबून मला भेटले. मला त्यांच्याविषयी वाईट लिहायचं नाही. माइक कसा धरायचा, श्वास कुठे घ्यायचा, सभेत कुणाकडे बघायचं, हे त्यांनी शिकवलं. आठवीत शाळा सोडलेल्या माणसाला त्यांनी प्राध्यापकांच्या शेजारी खुर्ची दिली. स्वतःचं जाकीट काढून माझ्या अंगावर घातलं, ते अजून माझ्याकडे आहे.

माझी हकीकत त्यांनी पूर्ण ऐकली. मग म्हणाले, शाळेच्या कार्यक्रमात बिडी चालणार नाही, मुख्याध्यापक बोलवायचेच नाहीत. त्याऐवजी आरसा म्हण. शिवाय माणूस एकटा लढला की ऐकणाऱ्याला बळ येतं. मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटलं नसतं तरी मी हो म्हणालो असतो. पाठ केलेलं भाषण मला फारसं अडत नाही. आरशाची गोष्ट इतकी पाठ झाली की तिच्यात मी एकदाही अडखळेनासा झालो.

दरम्यान अक्काचं कुटुंब शहराबाहेर कुंभारीच्या कामगार वसाहतीत घर मिळाल्यावर तिकडे गेलं. मी शुक्रवार पेठेत खोली घेतली. सुरुवातीला जाणं-येणं होतं, नंतर ते तुटलं. वेळ नव्हता असं मी म्हणायचो. वेळ होता. कुठल्या तोंडाने जायचं, हे कळत नव्हतं.

मागच्या वर्षी सरांचा फोन आला. कुंभारीच्या वसाहतीत कार्यक्रम, बायका जास्त, तू बोल. मी हो म्हणालो आणि आठवडाभर मला धड जेवण गेलं नाही. अक्का येऊ नये असं वाटायचं, आणि आली नाही तर काय, असंही वाटायचं.

सभागृह भरलं होतं. मी नेहमीसारखी सुरुवात केली. वर्गात एखादा वेगळं बोलतो, वेगळा चालतो, घरी वेगळी भाषा बोलतो, त्याला आपल्या बाकावर जागा द्या. सगळं सुरळीत चाललं होतं. खोलीचं वर्णन सुरू केलं आणि तिसऱ्या रांगेत ती दिसली. केस पांढरे झाले होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. मान खाली, नजर मांडीवर, आणि मांडीवर रिकामे हात. माझी अडायची जागा जवळ आली असं समजून तिने नजर काढून घेतली होती, पूर्वीसारखी.

मी थांबू शकलो असतो. पण तोंड पुढे गेलं. आरसा, फुटका कोपरा, मला कुणी शिकवलं नाही, मीच माझा गुरू. एकही शब्द अडला नाही. टाळ्या पडल्या तेव्हा तिने मान वर केली.

सत्कारात मला चादर आणि नारळ दिला. अक्का फाटकापाशी उभी होती. "घरी चल," एवढंच म्हणाली. सरांना दुसरीकडे जायचं होतं, मी तिच्यामागे गेलो. घरात शिरल्यावर तिने माझ्या हातातली सत्काराची चादर घेतली, जमिनीवर अंथरली आणि म्हणाली, बस.

सुपं तशीच होती. जुनी शेजारीणही तिथेच पलीकडे राहायला आली होती. ती मागोमाग आली आणि दारातूनच म्हणाली, "अगं अक्का, त्यो आरसा कुटं लावला हुता तुमच्यात? आमाला कदी दिसला न्हाई."

मला जमीन दुभंगली तर बरं, असं झालं.

"हुता की," अक्का म्हणाली. "तू आलीस की भिऊन आपटायचा खाली. म्हणून तर फुटला."

शेजारीण हसत हसत गेली. अक्का हसली नाही. तिने सूप मांडीवर घेतलं.

"लई चांगलं बोललास तम्मुडू. एकदाबी अडला न्हाईस." पान कापून झाल्यावर ती पुढे म्हणाली, "मी वाट बघत हुते. आता अडंल, मग अडंल. अडलाच न्हाईस. मला वाटलं, ह्यो दुसराच कोण तरी हाय."

मग मी तिला सगळं सांगितलं. शाळेत बिडी का चालत नाही, आरसा कुठून आला, मी का गप्प राहिलो. किती ठिकाणी अडलो ते मला सांगता येणार नाही. ती खाली बघून वळत राहिली, आणि मला पूर्ण वेळ मिळाला. मी माफी मागितली तेव्हा तिने ती घेतली की नाही, ते कळलं नाही. थोडं खोकून ती म्हणाली, "बिडी वाईटच हाय. माज्या छातीला इचार. न्हाय चालत तर नको सांगू बिडीचं. माजं नाव बी नको." तिने दोऱ्याची गाठ मारली. "पण माणसं हुती म्हण की. येवडं म्हणायला काय हुतंय?"

परत निघताना चादर उचलायला वाकलो, तर म्हणाली, राहू दे, पुढच्या येळी बसायला लागंल.

सरांना मी हे चहाच्या गाडीवर सांगितलं. त्यांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, बघ बाबा, तुझी गोष्ट आहे, पण जमलेलं भाषण मोडू नको. ते रागावले होते की दुखावले होते, ते मला ओळखता आलं नाही. दोन्हींची मला सारखीच भीती वाटते.

पुढचं व्याख्यान शहरातल्या एका नर्सिंग कॉलेजात होतं. खिशात नव्याने लिहिलेल्या भाषणाचा कागद होता, पण तो बाहेर काढला नाही. सर पहिल्या रांगेत बसले होते. मी खोलीपर्यंत आलो, भिंतीपर्यंत आलो. म्हणालो, "त्या खोलीत आरसा नव्हता. तिथे..."

आणि ओठ मिटले. 'म'.

'लोक' हा शब्द जिभेवर तयार होता. तो मला कधीच अडत नाही. 'लोक होते' म्हटलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं. पण अक्का 'माणसं' म्हणाली होती. मी थांबलो. सभागृहात चुळबुळ झाली. मागून एका मुलीने मदत केली, "मेहनत!" मग चार-पाच जणी एका सुरात म्हणाल्या, "मेहनत!" त्यांना वाटलं मी त्यांच्याकडून उत्तर काढून घेतोय. मी मान हलवली, नाही.

मग शांत झालं. दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने वही उघडली आणि वहीतच बघत बसली. सरांनी मान खाली घातली होती. ते घड्याळ बघत होते की आपले हात, ते मला मंचावरून दिसलं नाही.

मी शब्द बदलला नाही. तो येईपर्यंत उभा राहिलो.