यूर्त म्हणजे नक्की काय?

भाषांतराच्या ऑफिसात फायलींपेक्षा किस्से जास्त साठतात. फायली निदान क्लायंट घेऊन जातो! आमच्या दुबईच्या ऑफिसात तर एकाच शब्दाने वर्षभर कुणाला स्वस्थ बसू दिलं नाही.

अल ऐनजवळ गोल तंबूंचा कॅम्प काढणाऱ्या एका शेठना ब्रोशर हवं होतं. "यूर्तचा मूळ अर्थ टाका," म्हणाले. आमचा तुर्की ओरहान लगेच म्हणाला, "यूर्त म्हणजे मायदेश." कझाक आयगुल उसळली, "आमच्यात जुर्त म्हणजे लोक! आपली माणसं!"

मी विचारलं, "मग तंबू?"

"तो अर्थ रशियनांचा!" दोघं एकदम. वर्षातलं पहिलं एकमत!

*

एकदा ओरहान फोन ठेवून ओरडला, "भाच्याला यूर्त मिळालं!"

"मायदेश मिळाला? अभिनंदन!" आयगुल म्हणाली.

ओरहान ओशाळला. "हॉस्टेल. आम्ही हॉस्टेललाही यूर्तच म्हणतो."

*

शेवटी आयगुलने जाडजूड कोश काढला. तुर्की कुळातल्या सगळ्या भाषांच्या आधीचा शब्द, पुढे एक तारा. तारा म्हणजे हे रूप लिहिलेलं कुणालाच सापडलेलं नाही, आजच्या भाषा ताडून अभ्यासकांनी बांधलंय. आम्ही ताऱ्यासकट प्रूफ पाठवलं.

शेठचा फोन! "मॅडम, वन स्टार? कम से कम फोर तो डालो!"

*

मलाही तो शब्द छळायला लागला. गाडीत लेकाला विचारलं, "आपलं गाव कुठलं रे?" मनात वसई.

"विच वन, मम्मा? ओल्ड टॉवर ऑर न्यू टॉवर?"

सहा वर्षांत दुबईच्या अल नहदा भागातच तीन घरं बदललीत आम्ही.

*

मार्चमध्ये ओरहानची नोकरी गेली, म्हणजे दुबईचा व्हिसाही. अकरा वर्षांचं घर रिकामं करायला आयगुल आणि मी गेलो. सोफा उचलला, तर खाली कार्पेटचा चौकोन नव्यासारखा लाल, बाकी सगळं विटलेलं. ओरहान झाडू घेऊन बघतच राहिला.

तेवढ्यात आयगुलच्या वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. जन्मभर मेंढ्या राखलेला माणूस. त्यांना स्क्रीनवर तो चौकोन दिसला.

"जुर्त," ते म्हणाले.

आयगुलने ऐकून घेतलं आणि आम्हाला सांगितलं, "तंबू हलवला की गवतावर गोल उरतो ना, बाबा त्याला जुर्त म्हणतात."

बाहेरून ओरहानच्या बायकोने हाक मारली, तिने लिफ्ट अडवून धरली होती.

"यल्ला, निघू या," ओरहान म्हणाला. आणि चपला काढून त्या चौकोनात जाऊन बसला.