डोक्यावर हात ठेवायचा नाही, ही अट

बायकांची रांग मंडपाबाहेर रस्त्यापर्यंत गेली होती आणि प्रत्येकीच्या हातात ओटी होती. खण, नारळ, तांदूळ. रेवतीताईंनी रांगेकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"तुम्ही यांना सांगितलं नाही?"

"सांगितलंय," मी म्हणालो. सांगितलं नव्हतं.

टीव्हीवरचे कलाकार गावोगावच्या कार्यक्रमांना आणणं हा माझा धंदा. त्याला आम्ही अपिअरन्स म्हणतो. कलाकार येतो, तासभर दिसतो, सेल्फी देतो, जातो. त्याच्या अटींना रायडर म्हणतात. कुणाला बाउन्सर लागतात, कुणाला ठरावीक पाणी. रेवतीताई मालिकेत देवीचं काम करत होत्या. त्यांची अट निराळी होती. देवीच्या पोशाखात येणार नाही, ओटी घेणार नाही, पाया पडू देणार नाही, कुणाच्या डोक्यावर हात ठेवणार नाही.

मला वाटलं, बाईंचा देवावर विश्वास नसावा. विमानतळावरून येताना गाडीत त्यांनीच कारण सांगितलं. त्यांची आई आराधी. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, मंगळवारी पाच घरी देवीच्या नावानं जोगवा मागणारी.

"मुकुट चढवायच्या आधी मी रोज देवीची माफी मागते," त्या म्हणाल्या. "सेटवर ते काम आहे. बाहेर तिच्या नावाचा नमस्कार मी घेतला तर ती चोरी झाली. आईला तोंड कसं दाखवू?"

मी मान हलवली. पुंडलिकनगरच्या मंडळाला मात्र मी उलटंच कबूल केलं होतं. नवरात्रातलं हळदीकुंकू, आणि साक्षात देवीची ओटी भरायला मिळणार. खरी अट सांगितली असती तर काम गेलं असतं. गर्दी बघितली की कलाकार नरमतो, असा माझा अनुभव होता.

रेवतीताई नरमल्या नाहीत. "समोर मूर्ती आहे, तिची ओटी भरा," असं प्रत्येकीला हसून सांगत राहिल्या. रांग कुरकुरायला लागली. मंडळाचे अध्यक्ष संतोषभाऊ माझ्या कानाशी आले.

"काय हो, देवी नुसती खुर्चीत बसवायला आणली व्हय? बाया लई खवळल्यात."

तेवढ्यात सुमन नावाच्या बाईनं आपली मुलगी रेवतीताईंच्या पायाशी बसवली. मुलगी सात-आठ वर्षांची, गौरी. "आई, हिला फिट येती. तेवढा हात ठेवा हिच्यावर."

रेवतीताई हलल्या नाहीत. मागून रेटा आला, मंडपाचा खांब हलला. मी वाकून म्हणालो, "ताई, ठेवा हात. ॲक्टिंग समजा."

त्यांनी डोळे मिटले आणि हात ठेवला.

सुमन रडायलाच लागली. "सुटले बाई! आता गोळ्या बंद करते हिच्या."

मी रेवतीताईंना घाईनं बाहेर काढलं. गाडी सुरू होताच त्या म्हणाल्या, "ती गोळ्या बंद करणार आहे. गाडी वळवा."

"फ्लाइट चुकेल ताई. बायका बोलतात तसं. मी करतो ना फोन."

आमचे ड्रायव्हर सलीमभाई आरशातून माझ्याकडं बघत होते. गाडी वळली नाही.

संध्याकाळी मुंबईहून त्यांचा फोन आला. "बोललात तिच्याशी?"

"बोललो. गोळ्या चालू आहेत म्हणाली."

माझ्याकडं सुमनचा नंबरसुद्धा नव्हता. त्या रात्री हे मी कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

रात्र कशीतरी गेली. सकाळी संतोषभाऊंना पत्ता विचारून सुमनचं घर गाठलं. घरात घट बसलेला. धान उगवलं होतं. त्या हिरव्या कोंबांपुढं गोळ्यांची पट्टी ठेवली होती, तिला हळदकुंकू लावलेलं.

"पहाटं हात वाकडा झाला हिचा," सुमन म्हणाली. "पण लगेच उतरलं. आईचा हात हाय ना डोक्यावर."

गौरी कोपऱ्यात गुंगीत पडली होती. मी पट्टीकडं बोट दाखवलं. "अहो, ती नटी आहे. पगारावर काम करते. गोळी द्या आधी."

"असं बोलू नका भाऊ. पाप लागतंय."

मी हात जोडले, आवाज चढवला, डॉक्टरांचं भय घातलं. नाय म्हणजे नाय. एकच माणूस तिला सांगू शकत होतं, आणि त्यांना मी काल खोटं सांगितलं होतं. मी दारातच उभं राहून व्हिडिओ कॉल लावला.

"ताई, काल मी फोन केलाच नव्हता. गोळ्या बंद आहेत. पहाटे पोरीला झटका येऊन गेला."

त्या सेटवर होत्या, पूर्ण पोशाखात. मेकअप करणाऱ्या मुलीला त्यांनी हातानं बाजूला केलं. मग म्हणाल्या, "मोबाइल तिच्याकडं द्या."

सुमननं मोबाइल घटाशेजारी उभा केला आणि पदर पसरला. रेवतीताईंनी दोन्ही हातांनी मुकुट उतरवला. "बघा सुमनताई, मी रेवती. साधी बाई. माझी आईसुद्धा बीपीची गोळी घेते. गौरीची चालू करा."

सुमन हसली. "परीक्षा बघताय व्हय आई माझी?"

रेवतीताईंनी मान बाजूला वळवली. ओठ हलले. माफी मागत असणार. मग त्यांनी मुकुट पुन्हा चढवला, आणि घरोघरी ओळखीचा झालेला तो आवाज त्या खोलीत उमटला. "गोळी मीच धाडली आहे. एकही चुकवायची नाही."

सुमन ताडकन उठली. पट्टी घेतली, पाणी आणलं, लेकीला उठवून गोळी दिली. मी मोबाइल उचलला तोवर कॉल कट झाला होता. दोघींना मी लगेच डॉक्टरांकडं नेलं. गौरी सावरली. पुढंही गोळ्या चुकल्या नाहीत, असं संतोषभाऊ सांगायचे.

रेवतीताईंनी माझा फोन परत कधी उचलला नाही.

दिवाळीनंतर सलीमभाईंनी सांगितलं की त्या आईला घेऊन इथं येऊन गेल्या. तोंडावर पदर ओढून पाच घरी जोगवा मागितला. पहिलं घर सुमनचं. गाडी सलीमभाईंचीच होती.

"चार घर हुए तो मैं बोला, मैडम, साब का घर इधरीच है," सलीमभाई म्हणाले. "मैडम बोले, वहाँ नक्को."

कलाकाराच्या अटी आता मी मंडळाला पहिल्या भेटीतच सांगतो. बरीच मंडळं चहा संपायच्या आत नाही म्हणतात. मी चहा पिऊन उठतो.