हात दाखव आधी

"हात दाखव आधी."

गोठ्याच्या दारात काकी असं म्हणायच्या, आणि मी हात पुढे केले की खरोखरच हुंगायच्या. "कुठशी आयलास? दुसरे गाईचा वास येतोय." मी जनावरांचा डॉक्टर, वास येणारच. पण त्यांच्या देखत साबणाने हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायची सोय नव्हती.

आंबिवलीत जमिनी देऊन भाऊबंद टॉवरमध्ये राहायला गेले, काकींनी गोठा राखला. पेंडवाला भेसळ करतो, समोरच्या गॅलरीतली बाई दृष्ट लावते आणि मी डॉक्टर त्यांच्या मुलाला सामील आहे, अशी त्यांची खात्री होती. कारण मुलगा म्हणाला होता, "यंदा तांबू गाभण नाय राहिली तर गोठा बंद."

आधीच्या गाई विल्यावर अशाच आजारी पडून गेल्या होत्या. तांबू शेवटची. तिच्या गर्भाशयात पू होता. औषधाने जरा बरं वाटे, की पुन्हा तेच.

आता संशय मला आला. वासरामागून वार पडायला उशीर झाला की काकीच हात घालून ओढत असतील. विचारलं, तर म्हणाल्या, "मी नाय हात लावत. आपले हाताचा तरी काय भरवसा?"

गोठ्यात गोणपाटाच्या पडद्याआड एक कोपरा होता. तिकडे मला कधी नेलं नव्हतं. एकदा तांबू तिथेच बांधलेली सापडली. खालची माती काळी, ओली, पुवासारखा वास मारणारी. काकींच्या लग्नात आलेली गाय तिथे विली आणि घर भरलं, म्हणून प्रत्येक गाय तिथेच विणार, आजारपणात तिथेच बसणार. चुना नाही, फिनेल नाही. लक्ष्मी धुऊन जाते ना!

तुम्ही म्हणाल, समजावायचं. मी चिडलो होतो. म्हणालो, "काकी, सगळ्यांचे हात हुंगता, एकदा ही माती हुंगा."

पुढच्या खेपेला गेलो तर कोपरा खणून माती बाहेर टाकलेली, चुना मारलेला. काकी पायरीवर बसून डोळे पुसत होत्या. "सगल्यांवर नजर ठेवली. हे मातीवरच नाय ठेवली." मला फार वाईट वाटलं.

तांबू गाभण राहिली. ती व्यायच्या आधीच काकी गेल्या.

वेताच्या दिवशी मुलाने बोलावलं. अंगणात कोरडा पेंढा पसरून तांबूला त्यावर बांधलं होतं. मी हात धुतले आणि सवयीने पुढे केले.

"काय पायजे, डॉक्टर?" मुलाने विचारलं.

"काही नाही," म्हणालो, आणि पुन्हा एकदा धुतले.