गच्चीभर पळीपापड

खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक बाई भाड्याने राहायच्या. त्यांची आठवण आली की मला अजून हसूच येतं! तेव्हा मोबाईल नवीन नवीन आलेले. सेक्रेटरी काकांनी आमच्या गच्चीवर टॉवर बसवायचं ठरवलं, म्हणजे गच्चीला कायमचं कुलूप. सगळ्या आया चिडलेल्या, पण मीटिंगमध्ये एक जण तोंड उघडेल तर शपथ! या बाई बोलल्या, तर काका म्हणाले, "भाडेकरूंनी मधे पडू नये."

बाईंनी नुसता पदर खोचला. भांडण असो नाहीतर भाजी, पदर आधी खोचायच्या.

दुसऱ्या दिवशी टॉवरवाले आले, तर अख्ख्या गच्चीभर साबुदाण्याचे ओले पळीपापड!

"मावशी, उचला ना," त्यांच्यातला एक पोरगा म्हणाला.

"ओले आहेत रे. जा की तुडवत, अन्नच आहे."

तो बिचारा चपला हातात घेऊन दारातच उभा. मागून काका ओरडले, "अरे, हो पुढे!"

"भाऊ, तुम्हीच दाखवा ना जाऊन," बाई म्हणाल्या.

काकांचाही पाय उचलेना!

मग रोज एकेका घराचं वाळवण, आणि आम्ही मुली छत्र्या घेऊन कावळे हाकलतोय. काय उन्हाळा होता तो! शेवटी कंटाळून टॉवरवाले दुसरीकडे गेले.

त्याच महिन्यात बाईंचं सामान टेम्पोत चढलं. घर सोडायचं त्यांचं मीटिंगच्या आधीच ठरलेलं! आई थक्क. "अहो, मग एवढं भांडलात कशाला?"

"मग पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही पापड कुठे घातले असते?" म्हणाल्या आणि ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसल्या.